अतिचंचल मूल आणि त्याचे आईबाप

संध्याकाळचे सात वाजले आहेत. आठ वर्षांचा मुलगा पाढे लिहावयास बसला आहे. एक ओळ झाली नाहीं तोंच त्याची पेन्सिल खालीं पडते. ती उचलतांना पलंगाखालचा चेंडू दिसतो. आणि चेंडूपाठोपाठ मुलगा अंगणांत जातो. आई त्यास तिसऱ्यांदां परत आणते. नऊ वाजले तरी पाढा पुरा होत नाहीं, आणि दिवसभर आवरून धरलेला तिचा हात अखेर त्याच्या पाठीवर पडतो. मुलगा रडत रडत झोपीं जातो. आई मात्र जागीच राहते. अशा घरांत मुलाची काळजी सर्वच करतात. आईची कोण करतें?

मुलाच्या या अवस्थेस डॉक्टर एडीएचडी म्हणतात. मराठींत तीस अवधानन्यूनता व अतिचंचलता म्हणतां येईल. ही कांहीं आजकालची कल्पना नव्हे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालीं आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचें वर्णन केलें होतें. प्रत्येक खोडकर मूल मात्र या वर्गांत मोडत नाहीं. लक्षणें बारा वर्षांच्या आंत दिसूं लागलेलीं असावीं, निदान सहा महिने टिकलेलीं असावीं, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणीं जाणवावीं, असा तज्ज्ञांचा दंडक आहे.

दोष कोणाचा? घरांतील वडील मंडळी आईच्या लाडांस दोष देतात, शेजारी बापाच्या ढिलाईस, आणि शाळा दोघांसही. वस्तुतः या अवस्थेंत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकेंतील संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, मेंदूच्या बाह्य आवरणाच्या वाढीचा जो टप्पा इतर मुलें साडेसात वर्षांच्या सुमारास गांठतात, तो हीं मुलें साडेदहाच्या सुमारास गांठतात. वाढीचा क्रम तोच. वेळ मात्र उशिराची. तेव्हां स्वतःस आवरण्याची शक्ति अशा मुलास उशिरा येते, असें समजून चालावें.

तोंपर्यंत ती शक्ति आईबापांनीं आपल्याजवळची पुरवावयाची असते. लहान वयांत आईबापांचें प्रशिक्षण हीच उपचाराची पहिली पायरी मानतात. सूचना एका वेळीं एकच द्यावी. अभ्यासाचे लहान लहान भाग पाडावे. चांगल्या वर्तनास तत्काळ शाबासकी द्यावी. शिक्षा सौम्य व आधीं ठरलेली असावी. औषधाचा निर्णय तज्ज्ञांच्या सल्ल्यानें घ्यावा. हे नियम सांगावयास सोपे. परंतु ते रोज, पुनःपुन्हां आणि न रागावतां पाळावयाचे असतात. जिला पुरती झोप नाहीं, तिला हें कसें साधावें? आडांतच नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार? म्हणून आईबापांच्या विश्रांतीस चैन समजूं नये. ती मुलाच्या उपचाराचाच एक भाग आहे.

आतां हा आड भरावा कसा? प्रथम भार वांटून घ्यावा. आठवड्यांतून कांहीं दिवस अभ्यास बापानें घ्यावा, आणि त्या वेळीं आईनें घराबाहेर पडावें. आजी, आत्या, मावशी यांच्याकडे एकच तास मागावा; मात्र त्या तासांत भांडीं घासत बसूं नये. राग चढूं लागल्यास, मूल सुरक्षित आहे असें पाहून, दोन मिनिटें दुसऱ्या खोलींत जावें. शिक्षकांस तक्रार येण्यापूर्वींच भेटावें. अशाच मुलांच्या इतर आईबापांशीं ओळख ठेवावी. आपण एकटे नाहीं, हें कळण्यानेंच मनावरचें अर्धें ओझें उतरतें.

इतकें करूनही दोन आठवडे उदासपणा हटत नसेल, झोप उडाली असेल, किंवा मुलावर वारंवार हात उगारला जात असेल, तर आईबापांनीं स्वतःसाठींही डॉक्टरांकडे जावें. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेली मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

उद्यांचाही पाढा कदाचित् अपुराच राहील. परंतु दहा मिनिटांनीं वही मिटून आईनें मुलास अंगणांत एक फेरी मारावयास धाडलें, आणि आठ वाजतां तिच्या जागीं बाप येऊन बसला, तर मुलगा न रडतां झोपेल, आणि आईचाही डोळा लागेल.