एक संस्था, अनेक शहरे: इंटरनेट पत्त्यांचे वाटप कसे होते?

बंगळुरू येथे मुख्यालय आणि पुणे, नागपूर व हैदराबाद येथे शाखा असलेल्या एखाद्या मध्यम आकाराच्या संस्थेने इंटरनेटचे स्वतःचे पत्ते मिळवण्यासाठी आज अर्ज केला, तर तिला जुन्या पद्धतीचे जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळू शकतात. चार कार्यालयांतील संगणकांची संख्या पाहता हा आकडा पुरेसा वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो दोनच कार्यालयांना पुरतो. असे का होते, हे समजून घेण्यासाठी पत्त्यांच्या वाटपामागील तत्त्व पाहावे लागेल.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रणेस आयपी पत्ता या नावाने ओळखला जाणारा एक क्रमांक असतो. हे क्रमांक सुटे न देता सलग गटांत दिले जातात. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १९७२ मध्ये सुरू झालेली पिन कोड पद्धत येथे उपयोगी उदाहरण ठरते. गुवाहाटीतील टपाल छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्यास ५६० हे पहिले तीन अंक दिसले, की पत्र बंगळुरूच्या थैलीत जाते. शेवटच्या तीन अंकांचा विचार पुढे बंगळुरूत होतो. इंटरनेटवरील मार्गदर्शक यंत्रे, म्हणजे राउटर, याच रीतीने पत्त्याचा आरंभीचा भाग पाहून माहिती पुढे धाडतात.

एकाच गटातील पत्ते चार शहरांत विखुरले आणि चारही ठिकाणी इंटरनेटची जोडणी स्वतंत्र असली, तर जगभरच्या राउटरना चार वेगवेगळ्या नोंदी ठेवाव्या लागतात. या नोंदींची संख्या आवाक्यात राहावी म्हणून २५६ पत्त्यांपेक्षा लहान गटाची नोंद सेवादाते सहसा स्वीकारत नाहीत. हा नियम कोणत्याही नोंदणी संस्थेने केलेला नाही; तो व्यवहारातून रूढ झालेला संकेत आहे. तरीही त्याचा परिणाम नियमाइतकाच कठोर होतो. नागपूरच्या शाखेत ४० कर्मचारी असोत वा ४, स्वतंत्र जोडणी हवी असेल तर २५६ पत्ते तिच्या नावे राखून ठेवावे लागतात.

पूर्वी परिस्थिती निराळी होती. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पाच आयआयटी त्यात सहभागी होत्या. या जाळ्याकडे १४४.१६ ने सुरू होणारा ६५ हजार ५३६ पत्त्यांचा गट आला आणि त्याचे तुकडे बंगळुरू, मुंबई अशा वेगवेगळ्या शहरांतील संस्थांना वाटून देण्यात आले. अनेक ठिकाणी पसरलेल्या संस्थांनी एक गट वाटून घेण्याचे हे आपल्याकडील जुने उदाहरण होय. त्या काळी पत्ते मागणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागत नसे.

जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीच्या चौथ्या आवृत्तीत, सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत. जागतिक साठ्यातील अखेरचे पाच मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच विभागीय नोंदणी संस्थांना देण्यात आले. आशिया-प्रशांत विभागाचे काम ब्रिस्बेन येथील एपनिक ही संस्था पाहते. तिने त्याच वर्षी १५ एप्रिलपासून शिल्लक पत्त्यांवर शिधावाटप लागू केले. प्रत्येक अर्जदारास १ हजार २४ पत्त्यांची मर्यादा होती. २०१९ मध्ये ती ५१२ वर आणण्यात आली. भारतात नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या अखत्यारीतील इरिन ही नोंदणी संस्था २०१२ पासून हे वाटप करते.

अर्जदारास गरज सिद्ध करावी लागते. दोन सेवादात्यांशी जोडणी असलेल्या लहान संस्थांसाठी एपनिकचा निकष असा, की मागितलेल्या पत्त्यांपैकी २५ टक्के लगेच आणि ५० टक्के वर्षभरात वापरात आले पाहिजेत. येथेच अनेक शाखांच्या संस्थेची कोंडी होते. संकेतानुसार प्रत्येक शाखेला २५६ पत्ते हवेत, आणि निकषानुसार ते रिकामे राहता कामा नयेत. दोन्ही अटी आपापल्या जागी रास्त आहेत. एकत्र आल्या की लहान शाखेला जागा उरत नाही.

व्यवहारात त्यामुळे आडमार्ग निघाले. सर्व शाखांची वाहतूक बंगळुरूच्या मुख्यालयातून नेणे हा त्यातील सर्वांत प्रचलित मार्ग आहे. शाखांत १० या अंकाने सुरू होणारे खासगी पत्ते वापरले जातात. हे पत्ते कोणालाही विनापरवाना वापरता येतात आणि बाहेरच्या जगाला दिसत नाहीत. मात्र मुख्यालयातील जोडणी तुटली, की चारही शहरांतील काम ठप्प होते. दोन कंपन्यांचे विलीनीकरण झाल्यास दोघींचे खासगी पत्ते नेमके तेच निघण्याची शक्यता असते आणि तंत्रज्ञांच्या कामात भर पडते. सेवादात्याकडून पत्ते घेणे सोपे. परंतु सेवादाता बदलल्यास सर्व पत्ते बदलावे लागतात. इतर संस्थेकडून हस्तांतरणाने पत्ते विकत घेण्याची सोयही आहे. तथापि अखेरच्या साठ्यातून मिळालेले पत्ते पाच वर्षे हस्तांतरित करता येत नाहीत.

सहाव्या आवृत्तीत हिशेब पूर्णपणे बदलतो. येथे मोजमाप संगणकांचे नसून ठिकाणांचे असते. एका ठिकाणाला सर्वसाधारणपणे जो गट दिला जातो, त्यात ६५ हजार ५३६ उपजाळी सामावतात. एवढ्या गटाची नोंद राउटरही स्वीकारतात. म्हणजे शाखा लहान असली तरी ती स्वतंत्रपणे जोडता येते.

उत्तर अमेरिकेच्या नोंदणी संस्थेने तर यासाठी थेट पायऱ्या ठरवल्या आहेत. एका ठिकाणास एक गट, २ ते १२ ठिकाणांस १६ गट, १३ ते १९२ ठिकाणांस २५६ गट, असे हे प्रमाण आहे. वाढीसाठी चौथा हिस्सा मोकळा राहील, अशी ही मांडणी आहे. आपल्या विभागात अशी पायरी नाही. एका गटापेक्षा अधिक हवे असल्यास ठिकाणांची संख्या आणि जाळ्याची रचना दाखवून कारण द्यावे लागते. शहरांतील अंतर वा कायद्याची बंधने यांमुळे जी जाळी एकमेकांपासून अलग चालवावी लागतात, त्यांचा स्वतंत्र विचार करण्याची तरतूदही नियमांत आहे.

मोबाईल सेवेमुळे भारतातील निम्म्याहून अधिक ग्राहक सहाव्या आवृत्तीपर्यंत पोहोचले आहेत. जुन्या पत्त्यांची गरज मात्र संपलेली नाही, कारण काही संकेतस्थळे आणि यंत्रणा आजही फक्त चौथी आवृत्ती ओळखतात. त्यामुळे बंगळुरूच्या आपल्या संस्थेला दोन्ही अर्ज करावे लागतील. सहाव्या आवृत्तीचे पत्ते चारही कार्यालयांसाठी मिळतील. जुने ५१२ कोणत्या दोन शहरांना द्यायचे, हे तिला स्वतःच ठरवावे लागेल.