गावगाडा सुरळीत होता, पण कोणाच्या खांद्यावर?

"पूर्वी गावात कसं सगळं सुरळीत होतं, जो तो आपापलं काम करत होता." अकोट तालुक्यात हे वाक्य पारावर, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात आजही कानावर पडते. वाक्य साधे, पण त्याच्या मागे समाजशास्त्राचा एक मोठा सिद्धांत उभा आहे. आपल्या मुलामुलींना तो कॉलेजात 'संरचनात्मक कार्यवाद' या जड नावाने शिकावा लागतो. घरातल्या सर्वांना तो कळावा म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

हा सिद्धांत सांगतो की समाज एका शरीरासारखा आहे. प्रत्येक अवयवाने नेमून दिलेले काम केले की शरीर टिकते. इंग्लंडचा हर्बर्ट स्पेन्सर, फ्रान्सचा एमिल दुरखीम आणि अमेरिकेचा टॉलकॉट पार्सन्स यांनी हा विचार वाढवला. आपल्याला जिनिंगचा दाखला जवळचा. रेचा सरकी वेगळी करतो, प्रेस रुईच्या गाठी बांधते, मधला पट्टा तुटला की सारे ठप्प. तसेच कुटुंब वळण लावते, शाळा शिकवते, न्यायालय तंटे मिटवते.

यात खरे काहीच नाही असे नाही. रविवारची वंदना, १४ एप्रिलची मिरवणूक, मयतीला धावून येणारी वस्ती, यांनीच आपला समाज बांधून ठेवला आहे.

आपण कोणता अवयव?

शरीराचा हा दाखला आपल्या देशात फार जुना आहे. पुरुषसूक्तात ब्राह्मण मुख, क्षत्रिय बाहू, वैश्य मांड्या आणि शूद्र पायांपासून झालेला. बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात या सूक्ताची कसून तपासणी केली. अस्पृश्याला तर त्या शरीरात पायाचीही जागा नव्हती. तरी मेलेली ढोरे ओढणे, मयतीचा सांगावा परगावी नेणे, वेशीची राखण ही कामे आपल्याच वाडवडिलांची! मोबदला काय, तर खळ्यावरचे बलुते आणि शिळी भाकर.

अमेरिकेच्याच रॉबर्ट मर्टनने १९४९ साली या सिद्धांतातली उणीव दाखवली. एखादी प्रथा उपयोगाची म्हणता, पण कोणाच्या उपयोगाची? हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर जमा एकाच्या खात्यावर आणि नावे दुसऱ्याच्या, अशी ही गावाची खतावणी होती. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी तेच बजावले होते की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती कामकऱ्यांचीच उतरंड आहे.

आणि ही व्यवस्था खुशीने टिकली का? ढोरे ओढायला नकार दिला की मजुरी बंद, किराणा बंद, पिठाची गिरणी बंद. बहिष्कार हा त्या सुरळीतपणाचा पहारेकरी होता. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून तो पहारेकरी किती चिवट आहे ते समजावे. तरी आपल्या लोकांनी ती कामे सोडली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने त्या नकाराला बळ दिले. गाव काही बुडाले नाही!

पट्टा आपल्याच घरात

९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविशीत, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. जात कशावर टिकते? जातीतल्या जातीत लग्न करण्यावर, हे त्यांचे उत्तर. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली ती चौकट सांभाळण्यासाठीच आल्या, हे त्यांनी उलगडून दाखवले. प्रथेचे काम काय ते त्यांनी शोधले, पण काम सापडले म्हणून प्रथेला न्याय्य म्हटले नाही. हा फरक विद्यार्थ्यांनी पक्का ध्यानात ठेवावा.

आता आपल्या घरात पाहू. मुलगी शिकलेली, मुलगा नोकरीवर, दोघेही बौद्ध, तरी हळूच प्रश्न येतोच, "बावणे की लाडवण?" बंधू-भगिनींनो, ज्या पट्ट्यावर जातीचे यंत्र फिरते तोच पट्टा आपण आपल्या हाताने ओढत नाही काय? "समाजात असंच चालतं" हे उत्तर गावगाड्याचेच आहे.

म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे. वधू-वर परिचय पत्रकातून पोटजातीचा रकाना काढून टाका, सोयरिकीच्या बैठकीत तो प्रश्न विचारू नका, कोणी विचारलाच तर "आम्ही बौद्ध" एवढेच सांगा. समाजाला व्यवस्था लागतेच. ती समता आणि बंधुत्वावर उभी करणे आपल्या हाती आहे.

जय भीम!