एकलव्य ते इला : खो-खोतील सर्वोत्तम खेळाडूचा मान

सांघिक खेळात विजयाची माळ एकाच खेळाडूच्या गळ्यात घालायची, तर ती कोणत्या कसोटीवर घालायची, हा प्रश्न प्रत्येक खेळाला कधी ना कधी सोडवावा लागतो. खो-खोने तो आपल्या राष्ट्रीय स्पर्धांच्या पहिल्या पाच वर्षांतच हाती घेतला. या खेळाची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली, पुढच्याच वर्षी महिलांची स्पर्धा सुरू झाली आणि १९६३-६४ च्या इंदूर येथील स्पर्धेपासून वैयक्तिक पुरस्कारांची प्रथा पडली. पुढे वयोगटांच्या स्पर्धा वाढल्या तशी पुरस्कारांची नावेही वाढली. आज राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्तम पुरुष खेळाडूला एकलव्य, तर महिला खेळाडूला राणी लक्ष्मीबाई पुरस्कार दिला जातो. अठरा वर्षांखालील कुमारांसाठी वीर अभिमन्यू आणि मुलींसाठी जानकी, चौदा वर्षांखालील किशोरांसाठी भरत आणि किशोरींसाठी इला अशी ही परंपरा आहे.

पुरस्कार समजून घ्यायचा तर खेळाची घडण आधी पाहावी लागते. खो-खोला नियमांची चौकट पुण्यात १९१४ च्या सुमारास मिळाली आणि १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियमावली प्रसिद्ध केली, म्हणजे या खेळाचे आधुनिक रूप मराठी व्यायामशाळा आणि जिमखाने यांच्याच अंगणात आकाराला आले. मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब असतात, त्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्ट्यावरील चौकोनांत आठ आक्रमक एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा आक्रमक पळणाऱ्यांचा पाठलाग करतो. या नवव्याला मधला पट्टा ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. पळणारा पलीकडे गेला, तर बसलेल्या सहकाऱ्याच्या पाठीला हात लावून स्पष्ट शब्दांत ‘खो’ द्यावा लागतो, म्हणजे तो उठतो आणि हा त्याच्या जागी बसतो. पळणारे मात्र कसेही वळू शकतात, दोन बसलेल्यांच्या मधून निसटू शकतात आणि हुलकावणी देऊ शकतात. ते तीन-तीनच्या तुकडीने मैदानात उतरतात. खुल्या गटात एका पाळीची वेळ नऊ मिनिटांची असते, प्रत्येक संघाला दोनदा आक्रमण आणि दोनदा संरक्षण करावे लागते आणि बाद केलेल्या प्रत्येक गड्याला एक गुण मिळतो. ही या खेळाची मूळ आणि दीर्घकाळ चाललेली पद्धत होय.

या रचनेचा एक परिणाम असा की खो-खोत प्रत्येक खेळाडूला दोन्ही कामे करावी लागतात. क्रिकेटमध्ये निव्वळ गोलंदाजीवर कारकीर्द काढता येते. खो-खोत निव्वळ पाठलागावर किंवा निव्वळ पळण्यावर तशी कारकीर्द उभी राहणे अवघड, म्हणूनच राज्य पातळीवरील सर्वोच्च वैयक्तिक मान हा अष्टपैलू खेळाडूचा मान असतो, तर उत्कृष्ट संरक्षक आणि उत्कृष्ट आक्रमक हे त्याच्या शेजारचे मान ठरतात.

निवडीचा मुख्य आधार म्हणजे गुणलेखकाच्या मेजावरील तक्ता. त्यात कोणता गडी किती मिनिटे आणि किती सेकंद टिकला, तो कोणाच्या हातून बाद झाला, पाठलागात बाद झाला, खांबावर झाला की सूर मारून टिपला गेला, याची नोंद पाळीगणिक होते. मराठी वृत्तपत्रांत खो-खोच्या बातमीत खेळाडूच्या नावापुढे कंसात जे आकडे छापले जातात, उदाहरणार्थ ‘२.१०, १.४० मि. संरक्षण व ३ बळी’, ते याच तक्त्यातून उचललेले असतात. ते वाचण्याची सवय असलेल्या माणसाला त्या एका ओळीतून सामन्याचा बराचसा अंदाज येतो. दोन मिनिटे म्हणजे फार थोडा काळ असे बाहेरच्याला वाटेल, परंतु आठ जण वाटेत बसलेले असताना आणि नववा मागे लागलेला असताना एका गड्याने दोन मिनिटे काढणे ही संपूर्ण सामना फिरवणारी गोष्ट असते, कारण नऊ मिनिटांच्या पाळीतील जवळजवळ पाव हिस्सा त्याने एकट्याने खाल्लेला असतो.

तरीही हा तक्ता सर्व काही सांगत नाही, आणि पुरस्काराविषयीचे बहुतेक वाद येथूनच निघतात. बळी त्याच्या नावावर जातो ज्याचा हात शेवटी गड्याला लागला. त्याआधी ज्या दोघा-तिघांनी अचूक वेळी खो देऊन पळणाऱ्याची वाट एकेका बाजूने बंद केली आणि त्याला खांबाकडे रेटले, त्यांचे श्रेय कोणत्याही रकान्यात पडत नाही. संरक्षणातही असेच घडते. पहिल्या तुकडीत उतरणाऱ्याला ताजे, विश्रांती घेतलेले आक्रमक भेटतात, तर शेवटच्या तुकडीतील खेळाडूच्या वाट्याला कधी पाळीतील शिल्लक चाळीस सेकंद येतात आणि तो नाबाद राहिला तरी त्याच्या नावापुढे चाळीस सेकंदच दिसतात. शिवाय पुरस्काराची निवड चार-पाच दिवसांच्या एका स्पर्धेवर होते आणि तिचे पारडे अंतिम सामन्यातील खेळाकडे झुकणे स्वाभाविक असते. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या संघातील असामान्य खेळाडू त्यामुळे मागे पडतो. आकड्यांवर आधारलेला असूनही हा पुरस्कार आकड्यांचा गुलाम होऊ नये, त्यासाठी मैदानाच्या कडेला बसलेल्या जाणकार नजरेची गरज उरतेच.

गुणवत्तेबरोबर सचोटीलाही मोजणारा पुरस्कार कसा असू शकतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते. तेथील ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलमध्ये १९२४ पासून ब्राउनलो पदक दिले जाते. जिलाँग क्लबचे खेळाडू आणि पदाधिकारी चार्ल्स ब्राउनलो यांचे नाव त्याला दिलेले असून पहिले पदक त्याच क्लबच्या एडवर्ड ग्रीव्ह्ज यांना मिळाले. प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानावरील पंच तीन, दोन आणि एक अशी मते देतात, ती हंगाम संपेपर्यंत गुप्त राहतात, आणि त्या हंगामात शिस्तभंगाबद्दल ज्याच्यावर सामनाबंदी झाली तो खेळाडू कितीही मते मिळाली तरी पदकास अपात्र ठरतो. १९९७ मध्ये ख्रिस ग्रँट यांना सर्वाधिक मते पडूनही एका सामन्याच्या बंदीमुळे पदक रॉबर्ट हार्वी यांच्याकडे गेले. २०१२ चे पदक जोब वॉटसन यांच्याकडून उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात २०१६ मध्ये काढून घेण्यात आले आणि ते ट्रेंट कॉचिन आणि सॅम मिचेल यांना विभागून दिले गेले. ग्रँट यांच्या बाबतीत नियम फार कठोर ठरला असे म्हणणारे पुष्कळ निघतील, परंतु ज्या पुरस्कारासाठी सर्वोत्तम आणि सर्वाधिक न्याय्य अशी जोडकसोटी जाहीर केली आहे, त्याने दुसरा निकष सोयीनुसार सैल करणे हे पहिल्यालाही कमीपणा आणणारे ठरले असते.

खो-खोच्या बाबतीत सचोटीची कसोटी पुरस्कारापेक्षा खेळाच्या नियमांतच अधिक मुरलेली दिसते. आक्रमकाने दिशा बदलली, पट्टा ओलांडला किंवा खो नीट दिला नाही तर पंचाची शिट्टी वाजते आणि अशा नियमभंगातून गडी टिपला गेला असेल तर तो बाद धरला जात नाही. पळणाऱ्याने बसलेल्या आक्रमकांना स्पर्श करून त्यांचा आधार घेतला, तर समज दिल्यानंतर तोच बाद ठरू शकतो. म्हणजे लबाडीची कमाई तक्त्यात शिरण्याआधीच बहुतांशी धुऊन निघते. उरतो तो स्पर्श, जो पंचाच्या नजरेतून सुटतो. पळणाऱ्याच्या सदऱ्याला बोटांचे टोक लागले की नाही हे पुष्कळदा त्या दोघांनाच ठाऊक असते, आणि पंचाकडे न पाहता स्वतःहून हात वर करून मैदानाबाहेर जाणारा खेळाडू संरक्षणाचे अर्धे-पाऊण मिनिट स्वतःच्या खात्यातून कापून घेतो. असा खेळाडू पुरस्काराच्या हिशेबात मागे पडतो, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे.

पुरस्कारांना दिलेल्या नावांकडे या दृष्टीने पाहिले तर एक गंमत लक्षात येते. एकलव्य हा ज्याच्या कौशल्याला गुरुदक्षिणेच्या नावाखाली छाटले गेले तो धनुर्धर, तर अभिमन्यू हा युद्धाचे नियम मोडून अनेकांनी घेरून मारलेला सोळा वर्षांचा योद्धा. दोघेही अन्याय सोसलेले आहेत, विजेते नाहीत. चक्रव्यूहात शिरलेला पण बाहेर पडू न शकलेला अभिमन्यू आणि बसलेल्या आठ जणांच्या रांगेतून वाट काढणारा कुमार खेळाडू यांच्यातील साम्य तर कोणालाही सुचावे असे आहे. महाराष्ट्राच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेतील नावे मात्र निराळ्या कुळीतील आहेत. तेथे खुल्या गटातील अष्टपैलू खेळाडूंना राजे संभाजी आणि राणी अहिल्या, कुमार आणि मुलींच्या गटात विवेकानंद आणि सावित्री, तर किशोर आणि किशोरी गटात राणा प्रताप आणि हिरकणी हे पुरस्कार दिले जातात. चौदा वर्षांखालील चपळ मुलीसाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचे नाव निवडणाऱ्याला दाद द्यावी लागेल.

स्त्रियांसाठी समांतर पुरस्कार हा या परंपरेचा दुसरा उल्लेखनीय विशेष होय. ज्या ब्राउनलो पदकाचा वर उल्लेख आला, त्याच्या जोडीचा महिलांचा पुरस्कार ऑस्ट्रेलियन महिला लीगसह २०१७ मध्ये सुरू झाला, तर खो-खोत महिलांची राष्ट्रीय स्पर्धा पुरुषांच्या मागोमाग एका वर्षात उभी राहिली होती.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या पुरस्कारांचा अर्थ शहरी मैदानांपेक्षा वेगळा आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे तालुके मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य स्पर्धा जिल्हा संघांमध्ये होत असल्यामुळे स्वतंत्र जिल्हा म्हणजे मैदानात उतरणारे आणखी नऊ जण आणि गुणतक्त्यावरील आणखी नऊ नावे. खो-खोला लागणारे साहित्यही गावाला परवडणारे असते. दोन गुळगुळीत लाकडी खांब, रेषा आखायला पांढरी फक्की आणि मोकळी जागा एवढ्यावर सराव सुरू होतो. अडचण असते ती काळ्या मातीची, कारण ती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मुरूम पसरून, पाणी मारून, दाबून मैदान तयार केल्याशिवाय सूर मारण्याचा सराव मुलांना सोसत नाही. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीवर वाढलेल्या खेळाडूला मॅटवरील पकड, वळण आणि घसरण नव्याने शिकावी लागते, आणि हे अंतर भरून काढणे हे पुरस्काराच्या शर्यतीतील ग्रामीण मुलांपुढचे खरे आव्हान आहे.

मराठवाड्याने ते पेलल्याची उदाहरणे आहेत. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला पहिला अर्जुन पुरस्कार १९७० मध्ये सुधीर परब यांच्या रूपाने लाभला होता आणि महाराष्ट्राच्या श्रीरंग इनामदार आणि उषा नगरकर यांना तो १९७५ साठी मिळाला, मात्र १९९८ च्या शोभा नारायण यांच्यानंतर बावीस वर्षे या खेळाच्या वाट्याला तो आला नाही. त्या दीर्घ काळात राष्ट्रीय पातळीवर खेळाडूची किंमत सांगणारे माप म्हणून एकलव्य आणि राणी लक्ष्मीबाई हेच पुरस्कार उरले होते, आणि एरवी घरगुती वाटणाऱ्या या मानाला त्यामुळे जे वजन आले ते सरकारी सन्मान पुन्हा सुरू झाल्यावरही कमी झालेले नाही. मूळच्या बीड जिल्ह्यातील प्रियंका इंगळे यांना इला, जानकी आणि राणी लक्ष्मीबाई हे तिन्ही वयोगटांचे पुरस्कार मिळाले, म्हणजे किशोरी गटापासून खुल्या गटापर्यंतची संपूर्ण शिडी त्यांनी चढली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषकात त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. पुरुषांचा संघही पुण्याच्या प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली नेपाळलाच ५४-३६ असे नमवून विजेता ठरला. वयोगटातील पुरस्कार पुढच्या कर्तृत्वाचे भाकीत करतात की नाही याविषयी शंका घेणाऱ्यांनी इंगळे यांच्या कारकिर्दीकडे पाहावे.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने हिशेबच बदलला. मैदानात नऊऐवजी सात खेळाडू, दोन्ही बाजूंना धावू शकणारा ‘वजीर’ आणि सूर मारून टिपलेल्या गड्याला अधिक गुण अशा नियमांमुळे तेथील आकड्यांची पारंपरिक स्पर्धांतील आकड्यांशी तुलना करता येत नाही. दूरचित्रवाणीच्या चित्रफितींमुळे मात्र खो देऊन वाट बंद करणाऱ्याचे काम आता मागाहून तपासता येते, आणि ही सोय जिल्हा आणि राज्य पातळीवरही साध्या मोबाईलच्या चित्रीकरणातून मिळू शकते.

जिल्हा संघटनांनी आणि शाळांनी यापुढे दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक स्पर्धेचे गुणतक्ते रद्दीत न घालता जपून ठेवावेत, आणि पंचांना त्या तक्त्यात आणखी एक रकाना द्यावा, ज्यात स्वतःहून बाद मान्य करणाऱ्या खेळाडूचे नाव लिहिता येईल.