बरे झालेल्यांना घर हवे, शेजारही हवा

नागपुरात छिंदवाडा मार्गावरच्या एका चौकाला लोक आजही 'पागलखाना चौक' म्हणतात. १८६४ साली स्थापन झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय याच परिसरात आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना हा शब्द आपल्याही तोंडी सहज येतो. परंतु उपचार घेऊन बरा झालेला माणूस जेव्हा त्या फाटकातून बाहेर पडतो, तेव्हा तोच शब्द त्याच्या मागोमाग येतो. तो भाड्याने खोली शोधू लागला की दार बंद होते. अशा व्यक्तींसाठी एखाद्या वस्तीत घर सुरू करण्याचा प्रस्ताव आला की शेजारी अस्वस्थ होतात. ही अस्वस्थता समजून घेणे आणि तिचे प्रामाणिक उत्तर शोधणे, हा या लेखाचा हेतू आहे.

हे घर कोणासाठी?

'साहाय्यित निवास' म्हणजे रुग्णालय नव्हे. चार-पाच व्यक्ती एका साध्या घरात एकत्र राहतात, स्वयंपाक व बाजारहाट करतात, जमेल ते काम करतात. औषधे वेळेवर घेतली जावीत व अडचणीला कोणीतरी हाताशी असावे, यासाठी एक साहाय्यक त्यांच्यासोबत असतो. चेन्नईच्या 'द बॅनयन' या संस्थेने अशी घरे सामान्य वस्त्यांत भाड्याने घेऊन चालविली आहेत. आपल्या राज्यात रत्नागिरीतही तिने हे काम केले आहे.

याची गरज का पडते? देशातील ४३ शासकीय मनोरुग्णालयांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३६ टक्के रुग्ण एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ तेथेच असल्याचे दिसून आले. त्यांपैकी अनेकांना नेण्यास कोणी येत नाही. आईवडील निवर्तलेले असतात, भावंडांनी पत्ता बदललेला असतो. केवळ कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ सांगतो. समाजात राहण्याचा हक्क त्याच्या १९व्या कलमाने दिला आहे. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला, अशा व्यक्तींना भिक्षेकरीगृहांत वा वृद्धाश्रमांत हलविणे थांबवावे, असे बजावले. एका भिंतीआडून काढून दुसऱ्या भिंतीआड ठेवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.

शेजाऱ्यांचे प्रश्न

पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. घरात लहान मुले असलेल्या मातेने तो विचारला, तर तिला निर्दय ठरविणे योग्य नव्हे. मात्र उत्तरही ऐकून घ्यावे. मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात. उलट त्याच मारहाणीच्या व फसवणुकीच्या बळी अधिक होतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला काही ना काही मानसिक विकार असतो. म्हणजे हे आजार आपल्या गल्लीत आधीपासूनच आहेत. ते दाराआड लपविलेले असतात एवढेच.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात क्लिबर्न नावाचे गाव आहे. तेथे बौद्धिक अक्षमता असलेल्या १३ व्यक्तींसाठी घर सुरू व्हायचे होते. जवळ शाळा आहे, मुले त्रास देतील, अशी कारणे सांगून नगरपालिकेने परवानगी नाकारली. प्रत्यक्षात त्याच शाळेत तशी अक्षमता असलेले सुमारे ३० विद्यार्थी शिकत होते. निव्वळ भीती किंवा नावड हे परवानगी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला.

दुसरा प्रश्न घराच्या किमतींचा. अमेरिका व कॅनडात यावर अनेक अभ्यास झाले असून, अशा लहान घरांमुळे शेजारच्या मालमत्तेची किंमत घटते, असे बहुतेकांत आढळले नाही.

तिसरा प्रश्न व्यवस्थापनाचा, आणि तो सर्वांत रास्त आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात दगावले. म्हणून शेजाऱ्यांनी अवश्य विचारावे: घरात किती जण राहणार? रात्री जबाबदार कोण? कोणते डॉक्टर तपासणार? रुग्णांना ठेवून देखभाल व उपचार करणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ती झाली आहे काय? अडचण आल्यास दूरध्वनी कोणाला करावा? या प्रश्नांनी शेजाऱ्यांचे रक्षण होते आणि त्या घरात राहणाऱ्यांचेही. 'घर कसे चालेल?' असे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. 'ही माणसे येथे नकोत' असे म्हणण्याचा नाही.

भीती कशी ओसरते?

याचे उत्तर नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर सापडते. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, तेव्हा कुष्ठरुग्णांनी पिकविलेली भाजी गावकरी विकत घेत नसत. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक तेथे येऊन राहिले. त्यांनी कुष्ठरुग्णांच्या सोबतीने इमारती बांधल्या आणि तेथलेच अन्न खाल्ले. ते पाहून वरोऱ्याच्या लोकांची भीड चेपली. भाषणांनी जे साधले नव्हते, ते एका पंगतीने साधले.

बेल्जियममधील गील या गावाची परंपरा तर त्याहून पुष्कळ जुनी आहे. मनोरुग्णांची आश्रयदात्री संत डिम्फ्ना हिच्या मंदिरात मध्ययुगापासून यात्रेकरू रुग्णांना आणीत. तेथली जागा अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत घेतले. रुग्णाला घरात सांभाळण्याची ही रीत तेथे आजही चालू आहे.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. थडग्यांमध्ये राहणारा तो मनुष्य बरा होऊन, वस्त्रे नेसून, शुद्धीवर येऊन बसला होता. त्याला तसे पाहून गावकरी आनंदले नाहीत, तर घाबरले. आणि त्यांनी येशूलाच निघून जाण्याची विनंती केली. तो मनुष्य येशूच्या मागे जाऊ इच्छीत होता. प्रभूने मात्र त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे परत पाठविले. रोगमुक्ती तेथे पूर्ण झाली.

आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत असा प्रस्ताव आल्यास सह्यांचा अर्ज फिरविण्याआधी वस्तीतील चार वडीलधाऱ्यांनी व युवकांनी संस्थेच्या चालकांना भेटावे. त्यांचे चालू असलेले एखादे घर पाहून यावे आणि तेथे राहणाऱ्यांबरोबर चहा घ्यावा. आपले सारे प्रश्न त्यानंतर मांडावेत. त्यांतील पुष्कळसे तोवर सुटलेले असतील. उरलेले आपण आणि नवे शेजारी मिळून सोडवू शकू.