भिंतीवरचे सर्टिफिकेट

बारावीचा निकाल लागला की आमच्या मेडिकलमध्ये औषधांच्या गिऱ्हाइकांबरोबर पालकही येतात. ‘मुलाला डी.फार्म.ला घालू का? निदान दुकान तरी टाकेल!’ मी त्यांना आधी एका आजींची हकिकत सांगतो.

आजींना संधिवात. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिले होते. अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एकदाच, चार आठवडे. मी बँकेत गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने बारा गोळ्या मोजून दिल्या, पैसे घेतले. बोलला काहीच नाही. पाचव्या दिवशी आजी पुन्हा हजर. ‘गोळ्या संपल्या रे बाबा. आणि तोंड आलंय, त्यालाही काहीतरी दे.’

माझ्या पोटात धस्स झाले. महिन्याच्या गोळ्या त्यांनी चार दिवसांत घेतल्या होत्या! हे औषध जास्त झाले की तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावरही बेतते. रिक्षा बोलावून मी स्वतः त्यांना डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड दिले, दवाखान्यात ठेवून घेतले. आजी वाचल्या. पण नुसते तोंडाला लावायचे मलम देऊन मी त्यांना घरी पाठवले असते तर?

चूक मुलाची, असे म्हणून मी सुटत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. माझे सर्टिफिकेट भिंतीवर होते आणि मी बँकेत. (आपले सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानात टांगून घरबसल्या भाडे खाणारेही आहेत. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.) तेव्हापासून अशा पाकिटावर मी ठळक अक्षरात ‘फक्त सोमवारी’ असे लिहितो आणि पेशंटकडून ते वदवून घेतो. वाचकहो, कोणी असे सांगितले नाही तर तुम्ही विचारा: किती, केव्हा, किती दिवस?

आता शिक्षणाचे. बारावी सायन्सनंतर डी.फार्म. दोन वर्षांचे, वर पाचशे तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. त्यावर नोंदणी करून दुकान टाकता येते, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होता येते. बी.फार्म. चार वर्षांचे, मग औषध कंपन्यांत उत्पादन, गुणवत्ता तपासणी असे मार्ग खुले होतात. औषध निरीक्षक व्हायचे तर पदवी हवीच. २००८ पासून आपल्याकडे सहा वर्षांचा फार्म.डी. हा अभ्यासक्रमही आहे. त्यात शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते आणि डॉक्टरांबरोबर वॉर्डात पेशंटची औषधे पाहायला शिकवतात. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत त्याला वाव आहे, आमच्या तालुक्यात अजून नाही.

ते पाचशे तास मात्र कागदावर भरू नका. माझ्याकडे येणाऱ्या मुलाला पहिला आठवडा मी पाकिटांवर वेळा आणि वार लिहायला बसवतो.