परवाना उठला, भरपाई कुणाला?

आयात परवाना प्रीमियमने विकला जायचा, यातच जुन्या परवाना-व्यवस्थेचं सारं अर्थशास्त्र आलं. निर्यातदार निर्यातीच्या बदल्यात मिळालेला आपला आरईपी (आयात) परवाना वर पैसे घेऊन विके, कच्च्या मालासाठी अडलेला कारखानदार तो घेई आणि फरक गिऱ्हाइकाच्या बिलात उतरे. देशात बनणाऱ्या मालाला तर ‘देशी माल उपलब्ध’ एवढ्या शेऱ्यावर अभय मिळे; दर्जा आणि किंमत फारसं कुणी पाहत नसे. मग परवाना उठल्यावर भरपाई द्यायची ती नेमकी कशाची?

जुलै १९९१च्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोन टप्प्यांत सुमारे १८-१९ टक्के अवमूल्यन झालं. निर्यातीवरचं रोख साहाय्य बंद झालं आणि निर्यातमूल्याच्या साधारण ३० टक्के आयातीचा हक्क देणारी एक्झिम स्क्रिप आली. अवमूल्यनाने परदेशी माल सरसकट महाग झाला. देशी उत्पादकाला मिळालेली ही माझ्या मते सर्वांत मोठी भरपाई. तिला ना अर्ज लागला, ना शिक्का. म्हणूनच बहुधा ती कुणी हिशेबात धरली नाही.

दुसरी भरपाई मुदतीची. ३०० टक्क्यांच्याही वर गेलेला जकातीचा कमाल दर १९९१मध्ये १५०वर आणला गेला, १९९५पर्यंत ५०वर. यंत्रं आणि कच्चा माल लवकर मोकळे झाले, पण बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंवरचं आयातबंधन दशकभर टिकलं. म्हणजे कारखानदाराला सुटे भाग स्वस्त आणि तयार मालाला कुंपण! तरीही १९९३मध्ये उद्योगपतींच्या ‘बॉम्बे क्लब’ने समान मैदान मागितलं. पुण्याचे राहुल बजाज हा त्याचा सर्वांत परिचित चेहरा. त्यांच्यावर संरक्षणवादी म्हणून टीका झाली. पण कर्ज महाग, वीज बेभरवशाची आणि बंदरं तुंबलेली असताना स्पर्धा बरोबरीची कशी, हा प्रश्न काही खोटा नव्हता.

या आयातबंधनांविरुद्ध अमेरिकेने १९९७मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली. परकीय चलनाच्या चणचणीचं भारताचं कारण १९९९मध्ये तिथे टिकलं नाही. १ एप्रिल २००० रोजी ७१४ आणि वर्षभराने उरलेल्या ७१५ वस्तू मोकळ्या झाल्या. सरकारने ३०० संवेदनशील वस्तूंवर नजर ठेवायला ‘वॉर रूम’ उघडली, जुन्या मोटारींवर १०५ टक्के जकात बसवली. सोयाबीन तेलावर मात्र ४५ टक्क्यांपुढे जाता येईना. जागतिक व्यापार वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीत तसा शब्द देऊन बसलो होतो.

खरी कोंडी लघुउद्योगांची. शेकडो वस्तू त्यांच्यासाठी राखीव होत्या. आयात खुली झाली, तरी त्यांतल्या कित्येक वस्तू देशातल्या मोठ्या कारखान्याने बनवायच्या नाहीत, हा नियम कायम! परदेशी मोठ्याला मुभा, देशी मोठ्याला मनाई. आणि ज्याच्या नावाने हे चाललं, त्या छोट्याला ना भांडवल, ना नवं यंत्र. खेळणी आणि चामड्याच्या काही वस्तूंवरचं आरक्षण जून २००१मध्ये गेलं. शेवटच्या २० वस्तू सुटायला २०१५ उजाडलं.

कामगारांसाठी १९९२मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी निघाला होता. त्यातला बहुतेक पैसा केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला. ज्यांना दिल्लीत तोंड होतं त्यांना मुदत मिळाली, जकात मिळाली. खेळणीवाल्यांसाठी जकात २०वरून ६० टक्के झाली ती २०२०मध्ये. तोवर बाजारात चिनी खेळणी कधीच मुरली होती.