सावलीत वाळलेली माती

रान तेच, वापसाही तोच. मग दोन अहवालांत पालाशचे आकडे वेगळे का? माती परीक्षण करून घेणारे शेतकरी हा प्रश्न नेहमी विचारतात. प्रयोगशाळेला दोष देण्याआधी माती तिथवर कशी पोचली, ते पाहायला हवं.

केदारेश्वराच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या धर्मापुरीचं शिवार दख्खनच्या बेसाल्टवर पसरलेलं आहे. त्याच खडकाच्या झिजेतून इथली काळी माती झाली. उन्हाळ्यात या रानाला भेगा पडतात, त्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तशीच उघडझाप मातीच्या कणाच्या आतही चालते.

भिजलेली वही डोळ्यासमोर आणा. पानं फुगलेली, मध्ये ज्वारीचे दाणे. वही वाळली की पानं मिटतात आणि दाणे आत अडकतात. पण पानांच्या कडा वळल्या, तर कडेचे दाणे बाहेरही पडतात. चिकणमातीच्या थरांमध्ये पोटॅशियमचं, म्हणजेच पालाशचं, असंच होतं. भोवतीचं पाणी सुटलं की त्याचा आयन थरातल्या खळग्यात अगदी चपखल बसतो. म्हणून पालाश भरपूर असलेली माती वाळताना तो कोंडून ठेवू शकते आणि पालाश कमी असलेली माती उलट तो मोकळा करू शकते. मला याचं फार अप्रूप वाटतं : नुसत्या वाळण्याने उत्तर दोन्ही दिशांना सरकतं!

विस्कॉन्सिनचे मृदाशास्त्रज्ञ ओ. जे. अॅटो यांनी 1940 च्या दशकातच हे दाखवलं होतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठाने तर 1988 पर्यंत पंचवीस वर्षं ओल्या मातीचीच पालाश चाचणी केली. पण ओली माती हाताळणं जिकिरीचं, म्हणून ती पद्धत मागे पडली. अॅटोंचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, हे मला खटकतं.

दुसरा धोका पिशवीचा. अर्धा किलो नमुन्यात म्युरेट ऑफ पोटॅश या खताचा फक्त एक दशांश ग्रॅम मिसळला, तरी अहवालात पालाश हेक्टरी सुमारे 224 किलोने वाढतो. कारण प्रयोगशाळा 5 ग्रॅम माती तपासते आणि हेक्टरभर रानातल्या वरच्या थराचं वजन 22.4 लाख किलो धरून हिशेब करते. खताच्या जुन्या गोणीत माती भरली किंवा गोणीवर वाळत घातली, तर एवढी भुकटी सहज लागते. चुलीची राखही पालाशच देते. आकडा असा फुगला की शेतकरी खत टाळतो आणि पीक उपाशी राहतं.

म्हणून बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडावी. व्ही आकाराचा खड्डा घेऊन वीसेक सेंटिमीटरपर्यंतची माती काढावी. ती स्वच्छ कापडावर सावलीत पसरावी; कडक उन्हात नको, तव्यावर तर नकोच. दर वर्षी खत टाकण्याआधी, त्याच हंगामात आणि त्याच रीतीने नमुना घ्यावा, म्हणजे आकड्यांची तुलना होऊ शकेल.

पिशवीतल्या चिठ्ठीवर गट क्रमांक, खोली आणि तारीख आपण लिहितोच. त्याखाली आणखी एक ओळ हवी : माती कुठे वाळवली, किती दिवस.